मागच्या बोळातला रेडिएटर

१

दर रविवारी दुपारी आम्ही अपूंच्या स्वयंपाकघरात हंगेरियन शिकायला बसायचो. मी, माझी कॉलेजातली मुलगी एमेशे आणि माझा धाकटा भाऊ टिबोर. टेबलाच्या चौथ्या बाजूला, मागच्या बोळाकडे तोंड करून, खुद्द अपू. अपू म्हणजे आमचे वडील. 'अपू' आणि 'चोकोलोम' असे दोनच हंगेरियन शब्द त्यांनी आम्हाला जन्मभरात दिले. बाकीची भाषा त्यांनी साखरेच्या डब्यासारखी वरच्या फळीवर ठेवली आणि शिडी काढून घेतली.

चोकोलोम हे पोरांनी मोठ्या बायकांना म्हणायचं असतं. तुमच्या हाताचा मुका घेते, असं. आम्ही लहान होतो तेव्हा इथला, अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचा, बकाय रस्ता अजून आमच्या हंगेरियन माणसांचा होता. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये बायका शंखाच्या आकाराच्या बारीक शेवया वळत बसायच्या. कोपरापर्यंत पीठ, खिडक्यांवर वाफ, आणि एकीचं बोलणं संपायच्या आत दुसरीचं सुरू. मी आणि टिबोर ओळीने चोकोलोम म्हणत, पिठाळलेल्या हातांना ओठ टेकवत पुढे सरकायचो आणि प्रत्येक एप्रनच्या खिशातून एक गोळी मिळायची. मग त्या मायेने, भराभर काहीतरी विचारायच्या. मी बावळटासारखी अपूंकडे बघायचे. अपू इंग्लिशमध्ये म्हणायचे, "चला, मॅच सुरू होईल." तो हॉल मला अजून आठवतो. सगळं माझं होतं, आणि मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

गेल्या ऑगस्टमध्ये अपूंना झटका आला. उजवा हात गेला आणि इंग्लिश गेलं. डॉक्टर म्हणाले, मागून शिकलेली भाषा कधीकधी आधी जाते. साठ-पासष्ट वर्षं वापरलेली भाषा एका दुपारी पुसली गेली आणि उरली ती अकराव्या वर्षी हंगेरी सोडेपर्यंतची, जी घरात दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. आई असती तर तिलाही आली नसती.

मला त्यांच्याशी एकदा नीट बोलायचं होतं. ते जायच्या आत, त्यांच्याच भाषेत, एकच गोष्ट विचारायची होती: तुम्ही आम्हाला ही भाषा का दिली नाहीत? त्यासाठी सगळा खटाटोप.

पहिलं काम आम्ही केलं ते रेडिओ बंद करण्याचं. स्वयंपाकघरातल्या फळीवर अपूंचा रेडिओ माझ्या जन्माआधीपासून चालू होता. उन्हाळ्यात बेसबॉल, हिवाळ्यात बेसबॉलबद्दलच्या गप्पा. आई म्हणायची, माझं लग्न याच्याशी नाही, त्या डब्याशी झालंय. अपूंना बोलायला शिकवणारी बाई म्हणाली, आता यांच्या कानावर हंगेरियन पडू दे. मी रेडिओची वायर काढली आणि तो तळघरात नेऊन ठेवला.

२

आम्हाला गुरुवारी संध्याकाळी मार्गित नेनी त्यांच्या घरी शिकवायच्या; रविवारी आम्ही तेच अपूंपुढे घोकायचो. नेनी म्हणजे आपल्याहून मोठ्या बाईला मानाने म्हणतात ते. ऐंशीच्या, ठेंगण्या, लाल टोपीवाल्या, आणि तोंडाने फटकळ. त्यांचा पहिलाच धडा पाहुण्यांचा. येणाऱ्याने दारावर टकटक करून म्हणायचं, "साबाद?" म्हणजे, येऊ का? घरातल्याने म्हणायचं, "तेश्शेक!" म्हणजे, या ना.

एमेशेला हे इतकं आवडलं, की पुढे कित्येक आठवडे आमच्याकडे साबादशिवाय कुणी खोली ओलांडली नाही. न्हाणीघराबाहेर साबाद, फ्रिज उघडताना साबाद. टिबोर ट्रक चालवतो. त्याच्या डोक्यात तेश्शेक सोडून दुसरा शब्द शिरला नाही. मीठ पुढे करताना तेश्शेक, फोन उचलला की तेश्शेक, शिंक आली तरी तेश्शेक.

"गाढवा," मार्गित नेनी म्हणाल्या, "गंमत म्हणजे तुझं बरेचदा बरोबर असतं. हा शब्द सगळीकडे चालतो."

"मग बाकीचे कशाला शिकवताय? फी परत द्या."

अपू टिबोरच्या तेश्शेकला डाव्या हाताने टेबल बडवून हसायचे. पण एमेशेने टेबलावर टकटक करून साबाद म्हटलं की त्यांचं हसू बंद व्हायचं. ते मागच्या बोळाकडे बघायचे, दार वाऱ्याने उघडलं की काय, हे बघावं तसे.

बोळ म्हणजे काय, तर स्वयंपाकघर आणि मागचं दार यांच्यामधली अरुंद जागा. कोटांच्या खुंट्या, बर्फात घालायचे बूट, स्प्रिंगचं जाळीदार दार आणि वाफेचा एक जुनाट रेडिएटर. तो रेडिएटर कायम फिस्कारायचा. आईने किती प्लंबर आणले असतील! प्रत्येकाने हवा भरलीय म्हणून सांगितलं, पैसे घेतले आणि गेला. रेडिएटर फिस्कारतच राहिला. रेडिओपुढे तो ऐकू यायचा नाही, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

आता रेडिओ नव्हता. आम्ही धडे घोकायचो, आणि मधूनच अपू बोळाकडे तोंड करून पुटपुटायचे. पुटपुटायचे, थांबायचे, मान हलवायचे, पुन्हा पुटपुटायचे. फोनवर बोलणाऱ्या माणसाचं आपल्याला एकाच बाजूचं ऐकू येतं, तसं. त्यांच्या पुटपुटण्यात मला ओळखू आलेला पहिला शब्द होता 'थांब'. मी आनंदाने टाळी वाजवली. मला वाटलं, ते मला म्हणतायत.

मी एका दवाखान्यात लोकांचे कान तपासते. निवृत्त माणसं येतात, सांगतात, पंख्यातून बोलणं ऐकू येतं, नळातून बायको हाक मारते. मी त्यांना समजावते, मेंदूला गोंगाटात शब्द शोधायची खोड असते, घाबरू नका. हे मी इतक्या जणांना सांगितलंय, की माझं मला सांगायला काहीच जड गेलं नाही.

३

नोव्हेंबर संपता संपता शब्दांची वाक्यं व्हायला लागली. मी सिंकपाशी भांडी विसळत होते. मागे अपू बोळाशी बोलत होते, आणि एक अख्खं वाक्य माझ्या डोक्यात आपोआप उलगडलं. त्यांना अजून कळत नाही. असंच म्हणाले ते. शिकतायत, पण त्यांना अजून कळत नाही.

मी टिबोरला सांगितलं तर तो खो खो हसला. "आपल्याबद्दलच की! म्हातारा आपली चहाडी करतोय."

"कुणाकडे?"

"रेडिएटरकडे. या घरात दुसरं कोण ऐकून घेतं त्यांचं?"

मीही हसले. पण त्या दिवसापासून मी रेडिएटर ऐकायला लागले. अपू बोलत तेव्हा तो गप्प असायचा. अपू थांबले की फिस्कारायचा. फिस्कारणं छोटंसं, दरवेळी तेवढंच, आणि शेवटाला जरा वर चढणारं. वाफेचा दाब, मी म्हटलं. बॉयलरची लय. अपू त्या लयीत बोलतात, ती त्यांच्या लयीत नाही. हे मला पटलं, आणि तरी मी बोळातला माझा कोट पुढच्या खोलीत टांगायला लागले.

नाताळच्या आदल्या रविवारी मार्गित नेनी खसखशीची गुंडाळी घेऊन घरी आल्या. अपूंचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. दोघं गावांची नावं घेत होती, माणसांची नावं, कुठल्याशा विहिरीचं नाव. नेनींनी त्यांना काही तरी चावट सांगितलं असावं, कारण अपू लाजले. मला वाटलं, हे मी घडवून आणलं. इतकं तरी केलं मी म्हाताऱ्यासाठी.

मग अपूंनी बोलता बोलता बोळाकडे मान वळवली आणि हळू आवाजात काहीतरी म्हटलं.

नेनींचा काटा बशीवरच राहिला. त्यांनी बोळाकडे बघितलं. मग एकेक करून आम्हा तिघांच्या चेहऱ्याकडे. आम्ही आपले खसखस चघळत हसत होतो. त्या उठल्या, अपूंच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि पुढच्या दाराने बाहेर पडल्या. त्यांचा कोट बोळात होता. बाहेर बर्फ पडत होता, आणि ऐंशी वर्षांची बाई ब्लाऊजवर निघाली होती.

मी माझा कोट घेऊन गाडीपर्यंत धावले. "नेनी, काय झालं? आमचं काही चुकलं?"

"काही चुकलेलं नाही. फार छान शिकताय. तेच तर." किल्ली त्यांना भोकात घालता येईना. "इल्डिको, गुरुवारी येऊ नका आता. त्या पोरीला तर आणूच नकोस."

"अपू म्हणाले काय?"

"म्हणाले, थांब."

"कुणाला?"

"पोरी, मला दोन्ही बाजू ऐकू आल्या." त्यांनी माझा कोट अंगाभोवती ओढला. "त्यांच्याकडे रेडिओ असायचा ना? तो लावून दे."

४

रेडिओ मी तळघरातून वर आणला. फळीवर ठेवला, पुसला, वायर हातात घेतली, आणि लावला नाही. खरं सांगते, भीती होती, पण हाव जास्त होती. एका वाक्याइतकी जवळ आले होते मी. आता घरात पुन्हा बेसबॉल सुरू केला, तर अपू पुन्हा त्या आवाजाआड जाऊन बसणार. एवढं आयुष्य मी त्याच्या अलीकडे बसून काढलं होतं. मी स्वतःला म्हटलं, नेनी ऐंशीच्या आहेत, त्यांचे कान मी कधी तपासलेत?

नाताळच्या आदल्या संध्याकाळी माशाचं लाल सूप झालं, कोबीच्या गुंडाळ्या झाल्या. एमेशे आतून एक सफरचंद घेऊन आली. आमच्याकडे डिसेंबरात सफरचंद येत नसे. दाताला सोसत नाही, असं अपू सांगायचे. आईनेही कधी खोदून विचारलं नाही. एमेशेला हे कुठून माहीत असणार! ती नेनींच्या वर्गात ऐकलेलं सांगायला उतावीळ झाली होती.

"घरात जितकी माणसं तितक्या फोडी करायच्या, आणि सगळ्यांनी एकदम खायच्या. मग पुढे कुणी वाट चुकलंच, तर त्याने आठवायचं, आपण ते सफरचंद कुणाकुणाबरोबर खाल्लं होतं. आठवलं की घरचा रस्ता सापडतो."

"त्यापेक्षा फोनवर नकाशा बघावा," टिबोर म्हणाला, आणि ट्रकमध्ये राहिलेली वाईनची बाटली आणायला पुढच्या दाराने बाहेर गेला. जाता जाता त्याने आपली फोड तोंडात टाकली.

आम्ही दोघींनी खाल्ली. अपूंनी आपली फोड नुसती हातात धरली. मग डाव्या हाताने, सुरी घसरत असताना, त्यांनी तिचे दोन तुकडे केले. एक स्वतः खाल्ला. दुसरा ताटलीच्या काठावर, बोळाच्या बाजूला ठेवला.

मला तो क्षण सोडवेना. चार महिने गाडीत घोकलेलं वाक्य मी म्हटलं. "अपू, तुम्ही आम्हाला ही भाषा का दिली नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. लहान मुलाशी बोलावं तसे साधे साधे शब्द निवडून ते बोलले, आणि मला प्रत्येक शब्द कळला. अर्थ पोचायच्या आधीच मला रडू फुटलं. माझे वडील माझ्याशी बोलत होते.

"तुम्हाला ऐकू येऊ नये म्हणून," ते म्हणाले.

"काय ऐकू येऊ नये?"

त्यांनी हनुवटीने बोळ दाखवला. "इलुश. माझी धाकटी बहीण. पळून येताना सीमेवरच्या दलदलीत आम्ही तिला लव्हाळ्यात बसवलं. गप्प बस, बोलावलं की ये, म्हटलं. मग बोलावता आलं नाही. शिपाई होते." ताटलीकडे बघत राहिले. "आदल्या नाताळात आम्ही चौघांनी सफरचंद खाल्लं होतं. इथे तिघंच आलो. तिने बरोबर आठवलं बघ. सापडला तिला रस्ता."

एमेशेचं चावणं थांबलं होतं. मी विचारलं, "काय म्हणते ती?"

"येऊ का, म्हणते. दुसरं काय म्हणणार? वळण आहे तिला. विचारल्याशिवाय आत यायची नाही."

"आणि तुम्ही?"

"थांब म्हणतो."

"या म्हटलं तर?"

"माहीत नाही, इल्डी. माझ्या आईने मला कधी म्हणू दिलं नाही. नंतर माझंही धाडस झालं नाही." त्यांनी माझं मनगट पकडलं, डाव्या हातात इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं. "माझ्यामागे तू तिला थांब म्हणून सांग. पण रागावून नको सांगूस. लहान आहे ती."

तेवढ्यात रेडिएटर फिस्कारला. कानांची मी वीस वर्षं परीक्षा घेतेय, आणि मला फिस्कारणं ऐकूच आलं नाही. मला ऐकू आली एक मुलगी, थंडीने दात वाजणारी, अदबीने विचारणारी. "साबाद?"

एमेशेचे ओठ सवयीने उघडले. मी तिच्या तोंडावर हात दाबला.

"थांब हं, इलुश," अपू म्हणाले, अगदी रोजच्यासारखं.

५

अपू फेब्रुवारीत गेले. एमेशे त्या घरात पुन्हा आली नाही. तिने हंगेरियन विसरायचा प्रयत्न केला, आणि तिला कळलं ते मलाही कळलं. शिकायला चार महिने लागतात. विसरायचं कसं, ते कुणीच शिकवत नाही. रेडिओ मी मोठ्याने लावून बघितला. एकदा शब्द ओळखीचा झाला की तो बेसबॉलच्या आरड्याओरड्यातूनही ऐकू येतो. अपूंना तो जन्मभर येतच असणार. रेडिओ आमच्यासाठी होता.

आम्ही त्यांना कंजूष म्हणत आलो, तोंडावर म्हटलं, आईला पोचवून आलो त्या दिवशीसुद्धा मी तेच म्हणाले. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि रेडिओचा आवाज जरा मोठा केला.

मी रविवारी जात राहिले. रिकाम्या स्वयंपाकघरात अपूंच्या खुर्चीवर बसायचं, कॉफी करायची, आणि तिने विचारलं की सांगायचं, थांब हं. हळूहळू मी जास्त बोलायला लागले. बाहेर बर्फ वितळतोय, अंगणात लाल पक्षी आलाय. पलीकडून दरवेळी तेवढाच एक शब्द. खोटं कशाला बोलू, मला त्या दुपारी आवडायला लागल्या होत्या. चर्चचा तो हॉल गेला, शेवया वळणाऱ्या बायका गेल्या. माझ्याशी हंगेरियन बोलणारं जगात एवढंच उरलं होतं.

टिबोरला मी सगळं सांगितलं होतं. तो हसला नाही, पण म्हणाला, "घर विकू आणि नव्या माणसाला रेडिएटर बदलायला सांगू." एप्रिलमध्ये गिऱ्हाईक मिळालं. आवराआवरीच्या दिवशी सकाळीच त्याने बॉयलर बंद केला. तो वरच्या मजल्यावर गादी जिन्यात अडकवून तिच्याशी भांडत होता. मी टेबलाशी बशा वर्तमानपत्रात गुंडाळत होते. येता येता मी बोळातल्या रेडिएटरला हात लावून बघितला होता. तो पायरीच्या दगडाइतका गार होता.

"साबाद?"

नेहमीपेक्षा मोठ्याने. वाफेचा आडोसा नव्हता, म्हणून असेल. मी बशी खाली ठेवली. या घराबरोबर हिला कुणाच्या हवाली करून चाललोय आपण, हा विचार तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आला. मी श्वास घेतला, अपू म्हणायचे तसं प्रेमाने म्हणावं म्हणून.

वरून टिबोर छाती भरून ओरडला. "तेश्शेक! ये गं पोरी, तेश्शेक! बरं झालं आलीस, ही गादी धर जरा!"

त्याला एमेशे आली असं वाटलं.

घर गप्प झालं. मग जाळीच्या दाराची स्प्रिंग ताणल्याचा आवाज आला. हळूहळू, मध्ये थांबत, कडी ज्याच्या हाताला जेमतेम पुरते, असं कुणीतरी ओढत असल्यासारखा. बोळातला उजेड खालच्या बाजूने थोडा मंद झाला. कोटांच्या खुंट्यांच्या बरंच खाली, टेबलाच्या उंचीइतकं, वाळल्या लव्हाळ्याच्या रंगाचं काहीतरी उंबऱ्यापाशी होतं. आधी एक पाऊल पुसलं, मग दुसरं. मी बशांकडे बघत राहिले.

"चोकोलोम," माझ्या कोपराशी कुणीतरी म्हणालं.

त्या हॉलमधल्या बायका हात कसा पुढे करायच्या, ते माझ्या हाताला ठाऊक होतं. माझ्या बोटांवर वर्तमानपत्राची शाई होती. गार काहीतरी त्यांना अलगद टेकलं, आणि मी हात मागे घेतला नाही. दुसऱ्या हाताने मी एप्रनचा खिसा चाचपला. त्यात काहीच नव्हतं.

जिन्यावरून टिबोरची पावलं खाली यायला लागली. "इल्डी, कोण आलंय गं?"

"आत्या," मी म्हटलं.